झीज कोणाची?

लाकडी फळ्यांची झीज हा साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती प्रस्तुत लेखकाच्या मनातही होती. परंतु ज्या प्रश्नाशी मी गेले वर्षभर झटतो आहे तो मला ग्रंथात भेटला नाही. तो भेटला पनवेलजवळच्या खाडीकाठी, ओहोटीच्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या जुन्या मचव्याच्या पोटात. तेथे हातात काचेचा तुकडा घेऊन मी फळी खरवडत बसलो होतो. काही वेळाने माझ्या लक्षात आले की आपण जे करतो आहोत त्याला आपण वर्गात ‘पाठचिकित्सा’ म्हणतो. ती वर्गात शिकवताना मला कधी भीती वाटली नव्हती, इथे वाटली.

मचवा माझ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या घरचा. शिडावर चालणारा, मिठाची आणि भाताची वाहतूक करणारा. पनवेल हे एके काळी बंदर होते, हे आज महामार्गावरून जाणाऱ्यास सांगूनही पटत नाही. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस गलबताने पनवेलला उतरत असे आणि येथून पुढे घाटाला लागत असे. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरात पनवेलच्या ज्या धंद्याची आवर्जून नोंद आहे तो म्हणजे बैलगाडीची चाके बनवण्याचा. म्हणजे पाण्यावरचे लाकूड आणि जमिनीवरचे लाकूड यांची गाठ पडण्याची ही जागा. पुढे खाडी गाळाने भरत गेली, रूळ आले, मालमोटारी आल्या. या मचव्यालाही मध्यंतरी इंजिन बसले, ते निकामी झाले आणि मचवा पडून राहिला. आता घरातल्या पुढच्या पिढीने त्याला पुन्हा शीड लावून नारळी पौर्णिमेला पाण्यात घालायचे ठरवले होते. मुलीने मला मे महिन्यात बोलावले ते पाहायला. सुट्टी असल्याने मी कामालाच लागलो.

मचव्याच्या पोटात, वाकांवर, सागाच्या फळ्या आडव्या घातलेल्या असतात. त्या ठोकून पक्क्या केलेल्या नसतात. खाली तळात पाणी साचते, ते उपसण्यासाठी त्या उचलाव्या लागतात. मागच्या बाजूस, जिथे पाणी उपसण्याची जागा असते, तिथल्या फळीला दोन खळगे पडलेले होते. एकमेकांपासून हातभर अंतरावर, पावलाएवढे, बशीसारखे उथळ. लाकडाचे मऊ अंग आधी झिजते आणि कठीण रेषा वर उरतात. त्यामुळे खळग्यांत बोट फिरवले की नांगरलेल्या शेतावरून फिरवल्यासारखे वाटे. तिथे उभे राहून डब्याने पाणी उपसणाऱ्या पोराच्या पावलांची ती झीज होती. लाकडी गलबतात पाणी नेहमीच थोडेथोडे झिरपते. ते उपसणे हे कधी न संपणारे काम, आणि म्हणून ते नेहमी सर्वांत लहान माणसाकडे दिलेले.

वाद इथे सुरू झाला. मुलीच्या मते ती फळी जशीच्या तशी राहिली पाहिजे. तिचे छायाचित्र, मोजमाप, सारे झाले पाहिजे. मी अर्थातच तिच्या बाजूचा. तिचे आजोबा, म्हणजे नाखवा, म्हणाले, रंधा मारा, सपाट करा, वर चांगले वार्निश द्या. मी त्यांना झिजेचे महत्त्व समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, होरी हाय ती, देव्हारा नाय. त्या खलग्यान उभा राहून मी पानी उपसलाय. तुमाना तो बगाला बरा वाटतंय.”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. परंतु प्रश्न नेमका काय आहे, एवढे तरी मांडून पाहता येईल.

माझी पहिली भूमिका परकी नव्हती, तिला चांगली वंशावळ आहे. रस्किनने १८४९ साली वास्तूंच्या जीर्णोद्धाराला असत्य ठरवले. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा तिच्या सभासदांना गमतीने ‘खरवडविरोधी’ म्हटले जाई, कारण जुन्या चर्चच्या भिंतींवरचा गिलावा खरवडून त्या ‘मूळ’ रूपात आणण्याची त्या काळी साथच आली होती. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की काळाने वस्तूवर जे लिहिले ते पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. वस्तू मृतांची आहे आणि यायच्या माणसांची आहे, आपण मधले राखणदार. हे म्हणणे उदात्त आहे. पण ते दगडाविषयी आणि प्रार्थनास्थळांविषयी आहे. ज्या फळीवर उद्या ओल्या पायाने पुन्हा कोणी उभे राहणार आहे तिच्याविषयी नाही. खळग्यात पाणी साठते. त्यातही पावसाचे साठले तर अधिक वाईट. खारे पाणी लाकडाला एका अर्थी राखते, गोडे पाणी कुजवते. झीज जपणे म्हणजे काही वेळा कूज जपणे.

शिवाय आपल्याकडची परंपरा उलट दिशेची आहे. भंगलेली मूर्ती आपण जपत नाही, विसर्जित करतो. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक योगावर नव्या घडवल्या जातात. अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये हा विधी झाला. देव तोच, देह नवा. ‘जीर्णोद्धार’ या शब्दातच जीर्णाला वर काढण्याची, त्यातून सोडवण्याची कल्पना आहे. तेव्हा नाखवांची मागणी अडाणीपणाची आणि माझी सुसंस्कृतपणाची, ही विभागणी पहिल्याच धक्क्यात कोसळते.

आता पाठचिकित्सेकडे येतो. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीन शतकांत ग्रंथ अनेक हातांतून आणि अनेक तोंडांतून गेला होता. पाठ बदलले होते, ओव्या शिरल्या होत्या. एकनाथांनी जे दूर केले त्याला आपण ‘अशुद्ध पाठ’ म्हणतो. पण हे अशुद्ध पाठ म्हणजे तरी काय? ग्रंथ वापरला गेल्याची ती खूण होती. जो ग्रंथ कोणी म्हणत नाही, उतरवून घेत नाही, त्यात पाठभेद होत नाहीत. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तिच्यामागची प्रेरणा हीच होती: एकनाथांच्या संस्काराचा थर बाजूला सारला तर त्याखाली अधिक जुनी भाषा सापडेल. म्हणजे शुद्धीचीही पुढे झीज ठरते आणि तिचीही शुद्धी करावी लागते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला तुकोबांच्या गाथेच्या परंपरेतले ‘भिजकी वही’ या नावाने ओळखले जाणारे हस्तलिखित आहे. तिचे भिजलेपण हाच तिचा अधिकार. पाण्याने केलेली हानी तिथे प्रमाण ठरली आहे.

फळी खरवडताना मला हे सारे आठवत होते आणि त्याच वेळी हे साम्य एका जागी तुटते, हेही जाणवत होते. संपादकाची श्रद्धा अशी असते की झिजेच्या ‘खाली’ मूळ आहे. थर काढत गेले की ते हाती लागेल. लाकडाच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. सुताराने फळी पहिल्यांदा बसवली तेव्हाचा पृष्ठभाग आजच्या पृष्ठभागाच्या खाली नाही. तो वर आहे, हवेत आहे, खळग्याच्या पोकळीत आहे. तो पावलांबरोबर गेला. आपण रंधा मारतो तेव्हा मूळाकडे जात नाही. ज्या लाकडावर आजवर कोणाचेही पाऊल पडले नव्हते, जे फळीच्या पोटात होते, ते उघडे करतो. ते नवे असते, आणि वर वार्निश दिले की ते मूळ म्हणून मिरवते. संहितांच्या बाबतीतही आपण हेच करत नसू कशावरून? जिला आपण पुनःस्थापित संहिता म्हणतो, ती कदाचित कोणत्याही काळी, कोणत्याही वाचकाच्या हाती नव्हती. ती आमच्या काचेने उघडी केलेली आतली फळी असते. हे मी पाठचिकित्सेच्या विरोधात म्हणत नाही. ती केलीच पाहिजे, निसरड्या फळीवर कोणी चालू शकत नाही. फक्त ‘मूळ’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळावी, एवढीच अपेक्षा.

प्रश्न अस्मितेचा आहे काय? फळ्या बदलत गेल्यावर गलबत तेच राहते काय, हा थीसियसच्या जहाजाचा प्लुटार्कने नोंदवलेला प्रश्न सर्वपरिचित आहे. हॉब्जने १६५५ मध्ये त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्यांपासून कोणी दुसरे जहाज उभारले तर खरे कोणते? नागसेनाने मिलिंदाला रथाच्या दृष्टांताने सांगितले की अवयवांहून वेगळा रथ नाही, तो केवळ व्यवहारातले नाव आहे. नैयायिक याच्या विरुद्ध. त्यांचा अवयवी अवयवांहून निराळा, पण त्याची किंमतही त्यांना द्यावी लागते, कारण कापडाचा तुकडा फाटला की जुना पट नष्ट होऊन नवा ‘खंडपट’ उत्पन्न झाला असे मानणे भाग पडते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे शिडाचे लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. दीर्घ दुरुस्तीनंतर २००१ मध्ये ते पूर्ववत झाले. त्यात मूळ लाकूड किती आणि नवे किती याचा हिशेब तज्ज्ञ मांडू शकतात. पण हे कोडे कितीही रंजक असले तरी आमच्या मचव्यात ते कोणालाच पडले नव्हते. मचवा तोच आहे, याविषयी नाखवांना, त्यांच्या नातीला आणि मला तिळमात्र शंका नव्हती. आमचा वाद ‘हे काय आहे’ याविषयी नव्हता, ‘हे कोणाचे आहे’ याविषयी होता.

हायडेगरने १९३५-३६ च्या व्याख्यानांत व्हॅन गॉगच्या चित्रातल्या झिजलेल्या बुटांवर जे भाष्य केले ते मराठीतल्या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या बुटांच्या काळोख्या तोंडातून त्याला शेतकरी स्त्रीचे सारे कष्टाचे विश्व दिसले. १९६८ मध्ये मायर शापिरोने आक्षेप घेतला की ते बूट शेतकरी स्त्रीचे नव्हतेच, शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे होते. देरिदाने पुढे, १९७८ मध्ये, दोघांनाही विचारले की ते बूट कोणाला तरी परत करण्याची तुम्हाला एवढी घाई का? या वादात एक गोष्ट कोणीच केली नाही, आणि करणे शक्यही नव्हते: बूट घालणाऱ्याला विचारणे. माझ्यापुढे तो बसलेला होता. बिडी ओढत होता.

आणि त्याचे म्हणणे स्पष्ट होते. ज्याला मी चिन्ह म्हणत होतो ते त्याच्या दृष्टीने बाराव्या वर्षी पायाला आलेली भेग होती. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे जे दोन ध्रुव मांडले, त्यांपैकी मी कोणत्या ध्रुवावर उभा आहे याचा मला नेहमी अभिमान असे: मी जीवनवादी, कलाकृती माणसांच्या व्यवहारातून तोडू नये असे मानणारा. आणि त्या फळीसमोर मी मात्र शुद्ध अलौकिकतावाद्यासारखा वागत होतो. रेषा, उथळ गोलाई, प्रकाश तिरका पडला की दिसणारी सावली. कष्ट संपले होते म्हणून ते सुंदर दिसत होते, आणि ते माझे नव्हते म्हणून अधिकच. दलित आत्मकथने मध्यमवर्गीय वाचकाने कशी वाचली, याविषयी ‘बलुतं’ १९७८ मध्ये आल्यापासून आपण पुष्कळ बोललो आहोत. दुसऱ्याच्या जगण्याच्या झिजेत आपण ‘अनुभवाची अस्सलता’ शोधतो, तिच्यावर निबंध लिहितो, पदव्या मिळवतो. माझी स्वतःची पदवी त्यातलीच आहे, हे इथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्याची झीज त्याने ती पुसून टाका म्हटले, तर वाचकाने तिला धरून ठेवावे काय?

इतपत आल्यावर मी हार मानली होती आणि फळी रंध्याखाली जाणार होती. सुताराने ती उचलली. त्याचा विचार साधा होता: खळग्याइतके खोल तासायचे तर फळी अर्धी होईल, त्यापेक्षा ती उलटी करू, खालचे अंग वर घेऊ. ही त्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. फळी उलटली, वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर पुसला, आणि खालच्या अंगालाही दोन खळगे निघाले. दुसऱ्या टोकाशी, अधिक उथळ, पण तसेच हातभर अंतराने.

म्हणजे ही फळी पूर्वी एकदा उलटलेली होती. मचवा नाखवांच्या वडिलांनी दक्षिणेकडून कोणाकडून तरी जुना घेतलेला. त्याआधी त्यात कोण उभे होते, कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, पगारी की वेठीचे, हे नाखवांनाही ठाऊक नव्हते. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

माझ्या मते खरा नैतिक पेच इथे सुरू होतो, पहिल्या खळग्याशी नव्हे. पहिला खळगा ज्याचा होता तो माणूस हजर होता आणि त्याला स्वतःच्या खुणेवर अधिकार होता, ती पुसण्याचाही. पण खालचा खळगा त्याचा नव्हता. तो मालक होता, वारस होता, पण साक्षीदार नव्हता. वरच्या खळग्याविषयी त्याचे म्हणणे निर्णायक मानणे म्हणजे खालच्या खळग्याविषयी कोणाचेच म्हणणे नाही असे मान्य करणे. ज्यांच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही त्यांच्याबाबतीत मात्र वाचकाला, संशोधकाला, परक्याला काही काम उरते. मृतांच्या वतीने बोलण्याचे नव्हे. तो आव हायडेगरने आणला आणि फसला. केवळ, इथे कोणी तरी होते, एवढे नोंदवण्याचे. ‘कोणी तरी’ या शब्दांपुढे न जाण्याचा संयम हा त्या कामाचाच भाग. मी ज्या कल्पना त्या खालच्या पोराविषयी रात्री केल्या त्या इथे लिहीत नाही.

दुसरीही एक बाजू आहे, जिच्याकडे आम्हा तिघांचेही दुर्लक्ष झाले होते. ‘आज्ञापत्रा’तले आरमाराचे प्रकरण आपण भाषेचा नमुना म्हणून शिकवतो. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे: साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अगदी जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राजकारणी लाकडाकडे वस्तू म्हणून पाहत नाही, साठवलेला काळ म्हणून पाहतो. दुसऱ्याचा काळ घ्यायचा तर त्याची किंमत मोजा. सागाच्या फळीची जाडी हाही असाच ठेवा आहे. प्रत्येक वेळी रंधा फिरला की ती थोडी कमी होते. एक फळी किती वेळा ‘नवी’ करता येईल याला मोजकी मर्यादा आहे. आज गुळगुळीतपणाच्या हौसेने एक दोरा जास्त तासला तर पुढच्या माणसाची एक दुरुस्ती आपण खाल्ली. संहितेला जाडी नसते, म्हणून संपादकांना हा हिशेब शिकावा लागत नाही.

मग वार्निशचा प्रश्न. वार्निश लाकडावर काचेसारखा पापुद्रा धरते. सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे तो पापुद्रा नीट चिकटत नाही. कडेने पाणी शिरले की सुटतो, आणि ओला असला की घसरतो. म्हणून चालायच्या फळीवर शेवटच्या हातात बारीक रेती मिसळतात. तेल याच्या उलट. जवसाचे तेल लाकडात मुरते, दिसत नाही, टिकत नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा चोळावे लागते. वार्निश देणारा म्हणतो, काम झाले. तेल देणाऱ्याला पुढच्या वर्षी यावेच लागते. माझा कल कुठे आहे हे सांगायला नकोच. नाखवांना मात्र चकाकी हवी होती आणि ती त्यांच्या कोठीपुरती त्यांना मिळाली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आपल्या मचव्याचे पोट एकदा तरी लखलखलेले पाहावेसे वाटले तर त्यात खोटे काय आहे, असे आता मला वाटते.

हा सारा खल ज्या तालुक्यात चालला होता तिथे एक अख्खी टेकडी तासून सपाट केली गेली आहे, एक नदी वळवली गेली आहे, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्या सपाटीवरून विमाने उडू लागली आहेत. ती मचव्यावरून जातात तेव्हा बोलणे थांबवावे लागते. एका फळीच्या दोन खळग्यांवर चार माणसांनी चार दिवस घालवावेत, हे त्या आवाजाखाली हास्यास्पद वाटे. पण टेकडीविषयी आम्हाला कोणी विचारले नव्हते. फळीविषयी विचारले होते.

बाकीच्या फळ्या काचेने आणि पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ झाल्या. त्या एका फळीच्या जागी सुताराने पनवेलातल्या पाडलेल्या वाड्याच्या तक्तपोशीतली सागाची फळी आणून बसवली. तिला जुन्या खिळ्यांची भोके होती, ती त्याने लाकडी खुंट्या मारून बुजवली. त्या वाड्यात तिच्यावरून कोण चालले असेल, हा विचार मी जाणूनबुजून केला नाही.

काढलेली फळी महाविद्यालयात ठेवावी, खाली एक चिठ्ठी लावावी, अशी मुलीची इच्छा होती. मीही तसे पत्र लिहून ठेवले होते. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा नाखवांनी ती घराच्या मागच्या दारी, रांजणापाशी, दोन विटांवर आडवी घातलेली दिसली. खळगे दोन्हीकडे असल्याने कोणती बाजू वर घ्यावी असा प्रश्न त्यांना पडला असणार; त्यांनी स्वतःची बाजू खाली घातली होती. घरात येणारा जाणारा आता तिच्यावर उभा राहून पाय धुतो. मीही धुतले.